राखणीला उभं राहणं

मी मुळात भित्री बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला शूर म्हणायला नको, आणि दयाळू तर मुळीच नको. पाल दिसली की मी खाटेवर चढते. कुकरची शिट्टी व्हायच्या बेताला आली की स्वयंपाकघरातून बाहेर जाते आणि झाल्यावर परत येते. अशा बाईला सरकारनं नर्स केलं, आणि नोकरीच्या उतारावर ज्या आरोग्य उपकेंद्रात पाठवलं, त्याच्या मागच्या भिंतीपासून जंगल सुरू होत होतं.

उपकेंद्र गावाबाहेर. पुढं सावली गावाकडं जाणारा रस्ता, त्याच्यापलीकडं धानाच्या बांध्या आणि त्यांना पाणी पुरवणारी बोडी, म्हणजे छोटं तळं. मागं तारेचं कुंपण, तेही ठिकठिकाणी झोपलेलं. कुंपणाच्या अलीकडं-पलीकडं माणसाच्या छातीइतकं गवत, मग घाणेरीची झुडपं, मग साग, मोह, बांबू, आणि मग नुसतं जंगल. दोन खोल्या दवाखान्याच्या, दोन माझ्या राहण्याच्या. नवरा चंद्रपुरात नोकरीला. तो शनिवारी यायचा. म्हणजे यायचं ठरलेलं असायचं.

तिथं माझ्याशिवाय कामाला एकच माणूस होतं. अर्धवेळ स्त्री परिचर. ‘अर्धवेळ’ हा शब्द फक्त तिच्या पगारापुरता खरा होता. सकाळी अंगण झाडणं, बोअरवेलचं पाणी भरणं, प्रसूतीची खोली धुणं, चादरी पिळून वाळत घालणं, एसटीनं आलेला लसीचा डबा डोक्यावर घेऊन येणं, सगळं तिच्याकडं. मी तिला मावशी म्हणायचे, ती मला सिस्टर. बाकी सगळे तिला काहीच म्हणायचे नाहीत. वरून साहेब आले की “ए बाई, पाणी आण” एवढंच. तिच्या देखत तिच्याबद्दल बोलायचे, जणू ती भिंतीतली खुंटी आहे. माझ्याआधीच्या कितीतरी नर्सा आल्या आणि गेल्या, ती तिथंच होती. साठीकडं झुकलेली, काटक, कमी बोलणारी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. गावाच्या टोकाला बौद्ध वस्तीत तिचं निळ्या रंगाचं घर. धान कापून झाला की मुलगा आणि सून मिरची तोडायला तेलंगणात जायचे. एकटे तेच नाही, अख्खी गल्ली जायची. होळीपर्यंत दारोदार कुलपं आणि कुलपांसमोर बसलेली म्हातारी माणसं.

त्या वर्षी दिवाळीनंतर शेजारच्या गावातली एक बाई बांधावरचं गवत कापत असताना वाघिणीनं नेली. तपशील मी सांगणार नाही. आमच्या धंद्यात रक्ताची भीती जाते म्हणतात, पण तिला शोधून आणायला गेलेले पुरुष परत आले तेव्हा त्यांची तोंडं पाहिली आणि मला पुढचं काही विचारावंसं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी भोंगा लावलेली जीप गावातून फिरली. जंगलात एकटं जाऊ नका. पहाटे आणि सांजेला बाहेर पडू नका. वाकून काम करू नका. आता गवत, सरपण, धान, शेण यातलं कोणतं काम माणूस ताठ उभं राहून करतो, तेवढं मात्र भोंग्यानं सांगितलं नाही.

भोंग्याचं म्हणणं मात्र खोटं नव्हतं. आमच्याकडं लहान पोरालाही हे माहीत असतं. उभा माणूस वाघाला माणूस दिसतो आणि तो सहसा त्याच्या वाटेला जात नाही. वाकलेला, उकिडवा बसलेला माणूस त्याला माणूस दिसतच नाही. त्याच्या लेखी ते चरायला आलेलं एखादं जनावर असतं.

त्यानंतरच्या सकाळी मी जाळीच्या खिडकीतून मावशीला पाहत होते. दार आतून लावलेलं, वरची कडी, खालची कडी, शिवाय दाराला खुर्ची टेकवलेली. धुकं होतं. ती नेहमीसारखी आली, खराटा घेतला आणि झाडू लागली. दोन फटकारे मारायची आणि सरळ व्हायची. वळून मागं बघायची. परत वाकायची. परत सरळ. अंगण संपतच नव्हतं. एरवी ती झाडताना एका लयीत झाडायची, तो आवाज ऐकून मला जाग यायची. त्या दिवशी खराट्याचा आवाज तुटत तुटत येत होता आणि दर वेळी तुटला की मी जाळीला नाक लावून बाहेर बघायचे.

मी खिडकीतून ओरडले, “मावशी, राहू द्या ते झाडणं. आत या.”

“आन् सायेब आले तं?”

“येऊ द्या. धुक्यात कोण येतंय?”

ती काही आत आली नाही. खराटा टेकून उभी राहिली आणि म्हणाली, “सून असती तं राखनीले उभी राह्यली असती. आता तं गावात कोनी नाई सिस्टर. सारे मिरचीवर गेले.”

राखणीला उभं राहणं म्हणजे काय, हे मला वेगळं सांगायला नको होतं. आमच्या आईचं अर्धं आयुष्य त्यात गेलं. मोह वेचायला, गवत कापायला बाया जातात तेव्हा एक बाई काम करत नाही. ती काठी घेऊन, जंगलाकडं तोंड करून नुसती उभी असते. तिनं बसायचं नाही, जंगलाकडं पाठ करायची नाही आणि गप्प राहायचं नाही. बोलत राहायचं, म्हणजे वाकलेल्यांना वर न बघता कळतं की राखण जागेवर आहे. आणि घरी जाताना प्रत्येक बाई आपल्या टोपलीतून ओंजळभर मोह तिच्या टोपलीत टाकते. उभ्या राहिलेल्या बाईनं काहीच केलं नाही, असं आमच्याकडं कुणी म्हणत नाही. पण हे जंगलातल्या कामाचं झालं. सरकारी अंगण झाडायला एकच बाई असते, आणि तीही अर्धवेळ.

मी खुर्ची सरकवली, दोन्ही कड्या काढल्या आणि बाहेर गेले. का गेले? लोक नंतर म्हणाले, सिस्टरचं मन मोठं. मन कसलं मोठं! मला त्या खिडकीत उभं राहणं सोसवत नव्हतं. वाघानं मावशीला माझ्या डोळ्यांदेखत नेलं असतं तर पुढची उरलेली बाई मीच होते, हाही हिशेब मनात होता. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्या पाठीशी तो रोजच असतो, म्हटलं निदान समोर तरी असू दे. सलाइनचा जुना लोखंडी स्टँड कोपऱ्यात पडला होता, तो काठी म्हणून घेतला, आणि कुंपणाकडं तोंड करून उभी राहिले.

“तुम्ही कायले येता?” मावशी म्हणाली. ती खरंच घाबरली. वाघाला नाही, मला. “कोनी पाह्यलं तं काय म्हनतीन?”

“झाडा तुम्ही.”

तिनं वाकून झाडायला सुरुवात केली. काही वेळानं खराट्याची लय लागली.

मग रोजचंच झालं ते. सकाळी अंगण, दुपारी नळाजवळ चादरी धुणं. ती वाकायची, मी उभी. अडचण एकच होती, बोलायचं काय? जंगलाकडं तोंड करून मोठ्यानं बोलत राहणं वाटतं तितकं सोपं नाही. पहिल्या दिवशी मी बाळाच्या लसींची यादी म्हणून दाखवली. जन्मल्यावर कोणती, दीड महिन्यानं कोणती. ती संपली तेव्हा परत पहिल्यापासून म्हटली. पुढं मी गावातल्या भानगडी सांगू लागले. कुणाच्या सुनेनं माहेरी जायचा हट्ट धरलाय, कोण नवऱ्याला न सांगता ऑपरेशनचं विचारून गेली. मावशी खालून “हाव”, “हाव का?” एवढंच करायची. त्या जंगलात जे कोणी ऐकत असेल त्याला आमच्या गावाची कुंडली पाठ झाली असेल. मला वाटायचं, आता आपल्याला सवय होईल. भीतीची सवय होते असं सगळे म्हणतात. मला झाली नाही. घाणेरीत साधा सातभाई पाखरांचा कलकलाट झाला तरी मी स्टँड दोन्ही हातांनी उगारायचे. वाघाची चाहूल लागल्यावर ओरडतात तशी वानरं ‘खॅक’ करून ओरडली की मी बोलता बोलता अडखळायचे, आणि खालून मावशी न बघता म्हणायची, “बोला सिस्टर, बोला.”

रस्त्यावरून येणाऱ्याजाणाऱ्यांना मात्र वेगळंच दिसत होतं. गावच्या लोकांना कळायचं. पण एसटीच्या खिडकीतून दिसायचं ते असं, की म्हातारी बाई वाकून झाडते आहे आणि पांढऱ्या साडीतली नर्स हातात लोखंडी काठी घेऊन तिच्या डोक्यावर उभी आहे, वर बडबडते आहे. एका बाईनं तालुक्याला जाऊन सांगितलंही, की तिथली नर्स मोलकरणीवर पहारा देते. हे ऐकून मावशी पहिल्यांदा मोकळी हसली. मला हसू आलं नाही.

मग तालुक्याचे साहेब आले. तक्रारीसाठी नाही. वरून पथक येणार होतं, त्याच्या आधीची पाहणी. त्यांनी पुढच्या खोल्या पाहिल्या, मान हलवली, आणि मागं गेले. मागं म्हणजे दारातूनच डोकावले.

“हे काय जंगल माजवलंय? शनिवारपर्यंत गवत कापून घ्या सगळं. कुंपणापर्यंत. साप निघतील, पथक काय म्हणेल?”

मी म्हटलं, “साहेब, तिकडं वाघिणीचा वावर आहे. कापायला चारपाच माणसं पाहिजेत, राखणीला वेगळी.”

“अहो, एवढ्याशा गवताला चारपाच माणसं?” ते मावशीकडं वळले. म्हणजे तिच्याकडं नाही, तिच्या दिशेनं. “ही आहे ना? हिच्यानं होत नसेल तर सांगा. वय झालंय आता. दुसरी बाई बघता येईल.”

मावशी पाण्याचे ग्लास घेऊन उभी होती. ट्रे टेबलावर ठेवून ती विळा कुठं आहे ते बघायला गेली. साहेब जीपमध्ये बसून गेले. दारात उभं राहून कुंपणापर्यंतचं गवत कापायला सांगणं, उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

त्या दिवसापासून मावशीला वाघापेक्षा साहेबांचं भेव जास्त झालं. मी तिला बजावलं, की मागच्या बाजूला एकटीनं पाऊल टाकायचं नाही. शनिवारी माझा नवरा येईल, रविवारी गावातली दोन माणसं मिळवू, मग कापू; मुदत गेली तर गेली. ती हो म्हणाली. ती नेहमी हो म्हणायची.

साहेबांनी दिलेल्या मुदतीच्या आदल्या दिवशी सकाळी एक बाई बाळंतपणाला आली. तालुक्याला न्यायला ॲम्ब्युलन्स यायच्या आधीच तिच्या कळा वाढल्या. पहिलटकरीण, अगदी कोवळी पोरगी, सोबत तिची आई. तपासलं तेव्हा कळलं की आता हिला हलवण्यात अर्थ नाही. मावशीनं गरम पाणी आणून दिलं, चादर दिली, दार ओढून घेतलं. मी कामाला लागले.

प्रसूतीच्या खोलीची खिडकी उंचावर आहे, तिच्यातून फक्त आभाळ दिसतं. पण ऐकू सगळं येतं. आणि मध्येच मला बाहेरून आवाज ऐकू आला. खस्. खस्. खस्. विळ्यानं गवत कापल्याचा.

मी मोठ्यानं ओरडले, “मावशी! सोडा ते! आत या!”

“होऊनच राह्यलं सिस्टर,” बाहेरून आवाज आला. “थोडंसंच हाय.”

मी पोरीला सोडून जाऊ शकत नव्हते. बाळाचं डोकं दिसायला लागलं होतं. तिच्या आईला पाठवावं म्हटलं तर ती पोरीचा हात धरून रडत होती आणि पोरगी तिचा हात सोडत नव्हती. मग मला एवढंच सुचलं की आवाज थांबू द्यायचा नाही. मी आतूनच राखण करायला लागले. “जोर लाव बाई, आता लाव. मावशी, मी इथं आहे! श्वास घे, थांब. मावशी, ऐकू येतंय ना? तोंड मिट, खाली जोर.” त्या बिचाऱ्या पोरीला कळेना की यातलं तिला कोणतं आणि बाहेरचीला कोणतं. विळ्याचा आवाज येत होता तोवर माझा जीव थाऱ्यावर होता. खस्. खस्.

तेवढ्यात वानर ओरडलं. एकच. खॅक. मग अगदी जवळून दुसरं.

विळ्याचा आवाज थांबला.

तो क्षण मला आजही कधीही आठवतो. भाजी चिरताना, बसमध्ये बसल्यावर. काहीही नव्हतं त्यात, फक्त आवाज नव्हता. मी ओरडले, “मावशी!” उत्तर नाही. “मावशी, उभ्या राहा! सरळ उभ्या राहा, वाकू नका!” खाटेवरची पोरगी कण्हत म्हणाली, “कोन, मी का?” मी तिला काय सांगितलं ते आठवत नाही. बाळ येत होतं. एका हातात त्याचं डोकं, दुसऱ्या हातानं आधार, कान सगळे बाहेर. मला किंकाळी ऐकू यायची भीती नव्हती. किंकाळी आली असती तर निदान काही कळलं असतं. मला भीती त्या शांततेची होती, की आता मी दार उघडीन आणि तिथं फक्त कापलेलं गवत असेल.

बाळ बाहेर आलं आणि इतक्या जोरात रडलं की खिडकीची काच थरथरली असावी. मुलगी होती. नाळ कापली, तिला आईच्या छातीवर ठेवलं, आजीला सांगितलं हात लावून ठेवा, आणि मागचं दार उघडलं.

मावशी भिंतीला पाठ लावून ताठ उभी होती. विळा धरलेला हात डोक्याच्या वर. तो हात तिनं किती वेळ तसाच धरला होता कोण जाणे. डोळे घाणेरीवर. साडी ओली झालेली. तिच्यापासून जरा पुढं अर्धवट कापलेलं गवत होतं, आणि त्यापलीकडचं गवत एका जागी दबलेलं.

मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. “गेली का?”

“मले नाई मालूम,” ती ओठ न हलवता बोलली. “मी पाहून नाई राह्यली. मी नुसती उभी हाव.”

तिच्या मुठीतून विळा काढायला मला तिचं एकेक बोट उलगडावं लागलं. संध्याकाळी वनरक्षक आला. बोअरवेलच्या सांडलेल्या पाण्याच्या चिखलात त्यानं पंजाचे ठसे दाखवले. मी ते बघितले नाहीत. तो म्हणाला, बाई सरळ उभी राहिली म्हणून वाचली. मावशीनं ते ऐकलं आणि एवढंच विचारलं, “सायेब उद्या येतीन का?”

साहेब आले नाहीत. पथकाचा दौरा पुढं ढकलला, जसा तो नेहमी ढकलला जातो.

दुसऱ्या दिवशी मावशी वेळेवर आली. खराटा उचलला. मी स्टँड घेऊन जागेवर उभी राहिले आणि बोलायला लागले. पण खराट्याचा आवाज येईना. वळून पाहावं तर राखणीला वळायचं नसतं, म्हणून मी विचारलं, “काय झालं मावशी?”

“वाकवत नाई सिस्टर.”

मला वाटलं, कंबर धरली असेल. मी पाठ दाबून पाहिली, गोळी दिली. तसं काही नव्हतं. ती थोडी वाकायची, आणि अर्ध्यावर तिचं अंग थरथरायला लागायचं, झटक्यानं सरळ व्हायची. पुन्हा प्रयत्न करायची. पुन्हा तेच. घरात, खोलीत, चार भिंतींत सुद्धा. खाली पडलेला कापूस उचलायला ती पाय लांब करून, भिंतीला धरून, सरळच्या सरळ खाली घसरायची. तिची पाठ वाकायचंच विसरली होती. म्हणाली, “वाकलं का मांगून कोनीतरी पाहून राह्यलं असं वाटते. मले मालूम हाय कोनी नाई. पर पाठ आयकत नाई.”

मग ती रडली. तिला रडताना मी तेव्हाच पाहिलं. “आता मले काढतीन. वाकता येत नाई थ्या बाईले कायले ठेवतीन? माह्या कामात दुसरं हाय काय?”

खरंच होतं ते. तिचं सगळं काम वाकून करायचं. झाडणं, पुसणं, धुणं, भरणं. आयुष्यभर तिनं लोकांसमोर आणि जमिनीसमोर पाठ वाकवली, आणि त्याच वाकण्यावर तिचं पोट होतं. मला तिचा राग आला नाही, कुणाचाच नाही आला. तालुक्याच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, होईल हळूहळू, वेळ द्या. वेळ देणारं कोण? तिच्या कामाला सुट्टी नाही, आजारपण नाही, बदली माणूस नाही.

मी लोखंडी स्टँड तिच्या हातात दिला आणि तिच्याजवळचा खराटा घेतला.

“अवं, तुम्ही झाडान? नाई, नाई सिस्टर, असं नोका करू.” तिनं खराटा ओढायचा प्रयत्न केला. “लोक काय म्हनतीन?”

“लोक मिरचीवर गेलेत. उभ्या राहा तिकडं तोंड करून. आणि बोला.”

मी इतके दिवस राखणीला उभी होते, पण वाकणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मान खाली गेली की मागचं सगळं जग नाहीसं होतं. पाठ उघडी पडते. मानेवर वारा लागला तरी वाटतं श्वास लागला. दुसऱ्या फटकाऱ्यालाच मी सरळ होऊन पळायच्या बेतात होते. तेवढ्यात वरून मावशीचा आवाज आला. ती कधी फार बोलायची नाही. तिनं सुरुवात केली ती मुलाच्या लग्नापासून. लग्नात वांग्याची भाजी कशी करपली, सुनेच्या मामानं कसं रुसून मांडव सोडला. ती थांबतच नव्हती. माझ्या मागं कुणीतरी ताठ उभं आहे, त्याचं तोंड जंगलाकडं आहे आणि ते तिथून हलणार नाही, एवढं कळलं आणि मी झाडायला लागले. भीती गेली नाही. पण हात चालले. इतका विश्वास मी कधी नवऱ्यावर टाकला नव्हता, देवावरही नाही.

असं आमचं काम उलटं झालं. ती राखणीला, मी वाकलेली. अंगण मी झाडायचे, चादरी मी पिळायचे, ती वाळत घालायची, कारण त्याला हात वर करावे लागतात. लस आली, गर्भवती बाया आल्या की मी माझं काम करायचे, ते संपलं की हे. कंबर माझीही दुखायला लागली. माझी रोज चिडचिड व्हायची, आणि ती मी मावशीवर काढायचे, की बोलताना मध्येच का थांबलात. ती चूपचाप पुन्हा सुरू करायची. गावातल्या उरल्यासुरल्या म्हाताऱ्या रस्त्यानं जाताना बघायच्या. त्यांना काही विचारावं लागलं नाही.

पथक एका सकाळी न कळवता आलं. मी मागच्या बाजूला होते. उरलेलं गवत आम्ही थोडं थोडं करून कापत आणलं होतं, आणि अजून एक पट्टा राहिला होता, कुंपणाच्या अगदी जवळचा. मी खाली वाकून विळा चालवत होते. मावशी माझ्याकडं पाठ करून उभी, तोंड घाणेरीकडं, हातात स्टँड. तिच्या जावेनं तिच्याशी किती वर्षं अबोला धरला होता, ते सांगत होती.

पुढं गाडी थांबल्याचा आवाज झाला. दारं वाजली. बुटांचे आवाज खोल्यांतून फिरले आणि मागच्या दारात येऊन थांबले.

“हे काय चाललंय?” तालुक्याच्या साहेबांचा आवाज. त्यांच्यामागं आणखी दोघंतिघं असावेत. “सिस्टर? तुम्ही गवत कापताय? आणि ही? ही काठी घेऊन उभी?”

माझ्या एका हातात गवताची मूठ होती, अर्धी कापलेली. वर बघायचा धीर झाला नाही. मी काय सांगणार होते? हिला वाकता येत नाही? एवढं वाक्य त्यांच्यासमोर उच्चारलं की तिची नोकरी गेली. माझ्या डोक्यात एकही खोटं येईना. खालून मला फक्त मावशीच्या टाचा दिसत होत्या, भेगाळलेल्या, आणि त्या लटलट कापत होत्या. मला माहीत होतं, ती आता स्टँड टाकणार, वळणार, हात जोडणार आणि माझ्या हातातला विळा हिसकावून घेणार. इतकी वर्षं साहेबांच्या आवाजाला ती तसंच करत आली होती.

“ए बाई!” साहेब ओरडले. “मी तुझ्याशी बोलतोय. इकडं बघ.”

टाचा कापत होत्या, पण जागच्या हलल्या नाहीत. मावशीनं मान वळवली नाही. तिचं तोंड घाणेरीकडंच राहिलं, आणि साहेबांकडं पाठ करून, आवाज कापत असताना, ती मोठ्यानं म्हणाली,

“थांबा सायेब. सिस्टर वाकून हायेत.”

साहेब दारातच उभे राहिले. मी हातातली मूठ पुरी कापली, बाजूला ठेवली, आणि मगच उठले.